दुसऱ्याचा सण आणि आपली शाळा

सावेडीत बोलायचं म्हणजे आम्हाला घरच्या ओट्यावर बसून बोलल्यासारखं वाटतं. समोर शिक्षक मंडळी बरीच दिसतायत, निवृत्त तर त्याहून जास्त, आणि मागच्या रांगेत चार-पाच विद्यार्थीही आहेत. ते स्वतःहून आलेत की कुणी आणून बसवलंय, ते विचारत नाही.

विषय असा दिला आहे: सणउत्सवांमधून मुलांना दुसऱ्यांच्या संस्कृतीची ओळख कशी करून द्यावी. ऐकायला सोपं वाटतं. शाळांमधून हे चालतंच. आषाढीला दिंडी, नाताळला लाल टोपी, ईदला शीरखुर्मा, पतेतीला फळ्यावर शुभेच्छा. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि या विषयाला एक वाईट खोड असते. सोप्या वाटणाऱ्या शब्दाला तो आधी विचारतो, बाबा रे, तुझा अर्थ काय? म्हणून सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालो होतो आणि उत्साह उतू जात होता. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. आम्ही टूम काढली की प्रत्येक धर्माच्या सणाला प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहायच्या. दसरा झाला, दिवाळी झाली. थंडीत मोहरम आला. आम्ही सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं, 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली चंद्रकोर काढली. दुपारी एक विद्यार्थी आला. तर्कशास्त्राच्या वर्गात मागे बसणारा, फार न बोलणारा. म्हणाला, "सर, रागावू नका. उद्या आमच्या घरी मयत झाल्यासारखं असतं. शुभेच्छा कशाच्या?"

आम्ही फळा पुसला. पण त्या मुलाचं वाक्य काही पुसलं गेलं नाही. वाईट याचं वाटलं की आम्ही याच शहरात वाढलो होतो. लहानपणी दर वर्षी मोहरमची मिरवणूक पाहिली होती, टेंभ्यांचा उजेड पाहिला होता, सरबत प्यालो होतो. सगळं पाहिलं होतं आणि कळलं काहीच नव्हतं.

आता हे शहर कुठलं आहे, ते पाहू. कागदोपत्री आज अहिल्यानगर, त्याआधी अहमदनगर, आणि आपल्या तोंडी नुसतं नगर. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली आणि पुढच्या काही वर्षांत हे शहर वसवलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. या बुऱ्हाणच्या दरबारात शाह ताहिर नावाचा इराणी विद्वान आला. इतिहासकार फरिश्ता, ज्याचं लहानपण नगरातच गेलं, तो एक हकीकत सांगतो. बुऱ्हाणचा लाडका मुलगा आजारी पडला. शाह ताहिरने सांगितलं, मुलगा बरा झाला तर बारा इमामांची नावं खुतब्यात घ्यायचा नवस बोला. मुलगा बरा झाला. १५३७ च्या सुमारास बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. शहरात त्यावरून मोठा विरोध झाला, दंगाही झाला. नवसाची गोष्ट खरी किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार वाद घालतील. इराणशी संबंध जोडण्याची गरज होतीच. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. याच काळात शाह ताहिरसाठी एक वास्तू उभी राहिली. तिथे मशीद होती, शिकवण्याची जागा होती, आणि गरिबांना जेवण मिळावं म्हणून लंगर होता, त्याच्या खर्चाला गावं लावून दिली होती. ती वास्तू म्हणजे आपला कोठला. बारा इमाम कोठला.

बसस्टँडकडून येताजाता आपण 'कोठला' हा शब्द रोज उच्चारतो, रिक्षावाल्याला सांगतो. ती एक शाळा होती हे कितींच्या ध्यानात असतं? नगरच्या मोहरमचं केंद्र जिथे आहे, ती जागा मुळात शिकवण्याची आणि जेवू घालण्याची होती. अर्थात आजची मिरवणूक १५३७ पासून जशीच्या तशी चालत आली, असं आम्हाला म्हणायचं नाही. परंपरा बदलत बदलतच चालतात. आणि आणखी एक गंमत. निजामशाही संपली, शिया सत्ता गेली, आज शहरातले बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत, तरी इमाम हसन-हुसेनच्या सवाऱ्या राहिल्या. त्या राहिल्या त्या सगळ्या गावाच्या म्हणून. सवारीला चादर घालायला हिंदू येतात, नवस बोलतात, फेडतात. दख्खनच्या कितीतरी गावांत हिंदू घरातलं नवसाचं मूल मोहरमात फकीर होत असे. गळ्यात रंगीत धागा, हातात झोळी. आमच्या आजोळी एका मामांना लहानपणी असं फकीर केलं होतं. घरात सोवळं कडक, आणि मामा मोहरमात फकीर! आजीला यात विसंगती दिसली नाही. मूल जगलं पाहिजे, एवढंच तिला माहीत.

कत्तलच्या रात्री सवाऱ्या शहरातून फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक दिल्ली गेटच्या वेशीतून बाहेर पडून येते कुठे? इथे, सावेडीला. गावठाणातल्या बारवेवर. आज सावेडी म्हटलं की उपनगर आठवतं. बंगले, अपार्टमेंट, क्लासेस, हॉस्पिटलं, डेरेदार नावांच्या कॉलन्या. पण सावेडी हे मूळचं गाव आहे, त्याला गावठाण आहे, आणि शहराच्या सगळ्यात मोठ्या शोकाचा शेवट या गावच्या पाण्यात होतो. करबलाला इमाम हुसेन आणि त्यांची माणसं पाण्यावाचून तहानलेली मारली गेली. ते वर्ष इसवी सन ६८०. म्हणून मोहरमात ठिकठिकाणी पाणी आणि सरबत वाटतात. सरबत गोड असतं म्हणून आम्हाला लहानपणी तो आनंदाचा सण वाटला. त्या सरबतामागे तहान आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कुणी? घरात माहीत नव्हतं, आणि शाळेत मोहरमची फक्त सुट्टी होती.

आता या सुट्टीकडे वळू, कारण आमच्या मते शाळेतली खरी गडबड इथून सुरू होते. आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्या दरवर्षी जाहीर होतात त्या कुठल्या कायद्याखाली, ठाऊक आहे? धर्माच्या नाही, शिक्षणाच्या नाही. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा, कलम २५. हुंडी, वचनचिठ्ठी, चेक यांचा कायदा. मुदत भरण्याचा दिवस सुट्टीचा आला तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी देय समजावेत, यासाठी सुट्टीचा दिवस कुठला हे सरकारला ठरवावं लागलं. म्हणजे महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, पारशी नववर्ष, गुरू नानक जयंती हे सगळे एका यादीत शेजारी शेजारी बसले ते व्यापाऱ्यांच्या सोयीने. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. उलट बरं वाटतं, की एकमेकांचे दिवस पाळण्याची गरज बाजाराला आधी कळली. पण मुलांपर्यंत जे पोचतं ते एवढंच, की उद्या शाळा नाही. ज्या दिवसाविषयी शिकवायचं, त्याच दिवशी वर्ग बंद!

याला एक उतारा घराघरांत भिंतीवर टांगलेला होता. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं. पंचांग मराठीत छापून निघायला त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीच सुरुवात झाली होती, पण तिथी-वार बघणाऱ्या बाईच्या नजरेसमोर एकादशीच्या खाली मुसलमानी महिना, पारशी महिना, ख्रिस्ती सण हे सगळं एका चौकोनात आणणं, ही मोठीच गोष्ट झाली. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. तिला 'शब-ए-बरात' हा शब्द कालनिर्णयमुळे माहीत. त्याचा अर्थ मात्र तिने शेजारच्या खाला येत, त्यांना विचारला. ओळख होण्यासाठी दोन्ही लागलं. कागदावर नाव, आणि भिंतीपलीकडे माणूस.

जरा मागे जाऊन एक अवघड पान उलटू. सण माणसांना जवळ आणतात असं भाषणात म्हणायची पद्धत आहे. इतिहास तसं सरळ सांगत नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यानंतर लोकमान्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं. त्याआधी पुण्यासारख्या शहरातही ताबुतांसमोर नाचणारे, वाजवणारे हिंदू पुष्कळ होते. १८९४ पासून हिंदूंनी मोहरमात जाऊ नये, असा प्रचार झाला. जे मेळे गणपतीपुढे निघू लागले, त्यांचा साचा मोहरमच्या टोळ्यांसारखाच होता. लोकमान्यांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. परकीय सत्तेविरुद्ध लोकांना एकत्र आणायला त्यांना साधन हवं होतं आणि त्यांनी ते घडवलं. पण एक सण उभा राहताना दुसऱ्या सणातली आपली जागा आपण सोडली, हेही त्याच पानावर लिहिलेलं आहे. मुलांना गणेशोत्सवाचा इतिहास शिकवताना हे पान फाडून ठेवू नये. नववी-दहावीच्या मुलांना ते झेपतं. त्यांना आपण समजतो त्याहून जास्त झेपतं.

मग प्रश्न येतो, शाळेत हे शिकवायला परवानगी तरी आहे का? मुख्याध्यापक आम्हाला हळूच विचारतात, सर, घटनेत धार्मिक शिक्षणाला बंदी आहे ना? राज्यघटनेचं कलम २८ असं सांगतं, की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. इथे शब्द नीट बघा. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. हा भेद कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात केला होता. २००२ मध्ये अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही, असं म्हटलं. म्हणजे वाट मोकळी आहे. पण अरुंद आहे. वर्गात नमाज कशासाठी पढतात हे सांगणं, त्यात काय काय म्हटलं जातं हे सांगणं, हे झालं 'विषयी'. तीस मुलांना रांगेत बसवून नमाजाचा अभिनय करायला लावणं हे 'विषयी' नाही. आणि तेच माप आरतीला लावायचं. इथे बरेच जण थबकतात! आपली आरती ती 'संस्कार' आणि दुसऱ्याची प्रार्थना ती 'धर्म', हा भेद कलम २८ मध्ये आम्हाला कुठे सापडला नाही.

आता या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त आवडणारा एक विषय. दुसऱ्याच्या संस्कृतीशी आपली भाषा काय करते?

कोकणात, कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शेकडो वर्षं ज्यू लोक राहत होते. बेने इस्राएल. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घरची भाषा मराठी. जगातल्या इतर ज्यूंशी संबंध जवळजवळ तुटलेला. हिब्रू नावं विसरली, पण सण विसरले नाहीत. मग सणांना नावं काय? ऐका. नव्या वर्षाचा तो 'नवियाचा सण'. खीर करायची तो 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, दिवसभर दारं लावून घरात राहायचं, तो 'दारफळणीचा सण'. पुरीम आपल्या शिमग्याच्या आसपास येतो, म्हणून त्याला 'होळीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, तो वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा रोजा'! आणि वल्हांडणाला, ज्या दिवसांत आंबवलेलं घरात ठेवायचं नाही, त्याला 'अनशी धाकाचा सण', म्हणजे आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवण्याचा.

या नावांत आम्हाला काय दिसतं, सांगतो. 'रोजा' हा शब्द शेजारच्या मुसलमानाकडून घेतला, 'होळी' शेजारच्या हिंदूकडून, बिरडं सगळ्यांच्याच चुलीवरचं. आणि आत जपलं काय, तर हजारो मैलांवरच्या मंदिराचा शोक. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून आणि मिशनच्या शाळांमधून ते पुन्हा हिब्रू शिकले, सणांची हिब्रू नावं परत आली, आणि ही मराठी नावं हळूहळू म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. पुष्कळसे बेने इस्राएल १९४८ नंतर इस्राएलला गेले. आमचं म्हणणं आहे, सातवीच्या मुलाला 'ज्यू धर्माचे सण' असा तक्ता देण्याऐवजी ही सहा नावं द्या आणि विचारा, ओळखा पाहू, या घरात काय चाललं असेल? मूल स्वतः आत शिरतं. भाषा त्याला दार उघडून देते.

आपल्या नगर जिल्ह्यातही हे आहेच. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. इथल्या मिशनच्या मुलींच्या शाळा मिस सिंथिया फॅरार चालवत. त्या पाहायला १८४८ साली जोतीराव फुले आले, आणि पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरातूनच निघालं. आता या मिशनऱ्यांपुढे एक पेच होता. कीर्तन, भजन, टाळ-मृदंग हे सगळं 'त्यांच्या' धर्माचं. ते टाकायचं की घ्यायचं? नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी ते घेतलं. ख्रिस्ती कीर्तन इथे रुजलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांत ख्रिस्त गायला, आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त नव्या धर्मात गेलेल्या सोवळ्या घराची जी हकीकत लिहिली आहे, तिच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक या विषयाला दुसरं नाही. हसत हसत वाचावं असं आहे. आणि आजही श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मरियेची यात्रा भरते, तिला लोक काय म्हणतात? मतमाउली! 'माउली' हा शब्द कुठून आला, ते नगर जिल्ह्यात सांगायची गरज नाही. नेवाशाचा पैस खांब इथून फार लांब नाही.

तेव्हा 'दुसऱ्यांची संस्कृती' म्हणताना आम्ही अडखळतो. दुसरी कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला १६४५ मध्ये, मराठी ओव्यांत. त्यांना कुठल्या तक्त्यात बसवायचं? मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. तक्ता फाटतो इथे.

एक उदाहरण जरा लांबचं. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात सणांचा जेवढा विचार केला, तेवढा आपल्याकडे शिक्षणात दुसऱ्या कुणी केलेला आम्हाला माहीत नाही. पावसाचा उत्सव, झाडं लावायचा उत्सव, नांगरणीचा उत्सव. पण आम्हाला सांगायचंय ते नाताळचं. १९१० पासून तिथे २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सव होतो. ब्राह्मो उपासनेच्या काचमंदिरात मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात, ख्रिस्ताविषयी बोलतात. सांताक्लॉजवर भर नाही. लाल टोपी घातली की नाताळ कळला असं आपण समजतो. रवींद्रनाथांनी विचारलं असावं, की या दिवसाचा अर्थ आमच्या मुलांपुढे कोणत्या रूपात ठेवला तर तो खोटा होणार नाही? साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ही विश्वभारतीच होती. गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते तेव्हा दक्षिणेतल्या सोबत्यांकडून तमिळ शिकले आणि त्यांनी कुरल मराठीत आणला. त्यांनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तकही लिहिलं. शामची आई सगळ्यांना माहीत आहे, हे पुस्तक कितीजणांनी उघडलंय? हात वर करू नका, राहू द्या.

शिक्षक मंडळी म्हणतील, सर, इतिहास झाला, वर्गात काय करू? आम्ही शिक्षणशास्त्राचे नव्हे, पण एक तास आम्ही स्वतः घेऊन पाहिलाय, तो सांगतो. विषय चंद्राचा. मुलांना विचारायचं, दिवाळी नेहमी थंडीच्या तोंडाशी येते, मग ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात कशी? बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक. आपण काय करतो? साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून हिशेब जुळवतो. ज्यूही असाच महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात. मुसलमान घालत नाहीत, म्हणून त्यांचा सण सगळे ऋतू हिंडतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांनी परत येतो. ईस्टर कसा ठरतो? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. पारशांच्या शहेनशाही पंचांगात लीप दिवसच नाही, म्हणून त्यांचं नवं वर्ष चार वर्षांनी एकेक दिवस मागे सरकतं.

मग मुलांना सांगायचं, २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता आणि रमजान ईद ११ एप्रिलला. २०२५ चा पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. का? एकच चंद्र! अमावस्येनंतरची तीच कोर. आपण गुढी उभारली आणि ते गच्चीवर जाऊन कोर शोधत होते. वर्गात एक क्षण शांतता होते बघा. २०१८ आणि २०१९ ला मोहरमची दहावी तारीख गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतच आली होती. नगरात पोलिसांना झोप नव्हती. त्याच्याआधी असं केव्हा झालं असेल? मुलं तेहेतीस वजा करतात. १९८५. पालकांना जाऊन विचारा म्हणावं, तेव्हा काय झालं होतं. काही मुलं फार सुंदर हकीकती घेऊन येतात, आणि काही जरा कडूही.

या तासात कुणी वेश करत नाही, कुणी काही खात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गातल्या एकट्या मुसलमान किंवा एकट्या ख्रिस्ती मुलाला उभं करून 'तू सांग रे, तुमच्यात काय करतात' असं विचारलं जात नाही. हे आम्ही फार पाहिलंय. शिक्षकाचा हेतू चांगला असतो, आणि ते मूल मान खाली घालून सगळ्या समाजाची उलटतपासणी देत असतं. अकोले तालुक्यातून शिकायला आलेल्या आदिवासी मुलाला बोहाड्याविषयी असंच विचारतात, आणि मग बाकीची मुलं मुखवट्यांना हसतात. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. आधी शिक्षकाने वाचून यावं.

आणि फळ्यावर शुभेच्छा लिहिण्याआधी एक चौकशी करावी. गुड फ्रायडे हा ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस. पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. नवरोज दुसऱ्या दिवशी. 'हॅपी पतेती' म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा. पारशी माणूस सभ्य असतो, तो 'थँक्यू' म्हणतो. आमचा तो विद्यार्थी थँक्यू म्हणाला नाही म्हणून आम्ही शिकलो.

शेवटी घरचं एक सांगतो आणि थांबतो. आमची नात इथल्याच एका शाळेत सहावीत आहे. 'आपले विविध सण' असा प्रकल्प मिळाला. मुलं हल्ली छापील चित्रं आणून चिकटवतात. तिने विचारलं, "आजोबा, मोहरमला काय लिहू? आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मुसलमान नाही." हे वाक्य आम्हाला टोचलं. आम्ही माळीवाड्याजवळच्या वाड्यात वाढलो, भिंतीला भिंत होती. पुढे आम्ही सगळे एकेक करून सावेडीला आलो, ते गेले मुकुंदनगरला. कुणी कुणाला हाकललं नाही म्हणा, पण भिंती लांब गेल्या. आईला जे खालांकडून कळलं, ते नातीला कुणाकडून कळावं?

तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि आधी गावठाणातली बारव दाखवली. आयुष्य सावेडीत गेलेल्या पोरीने ती पाहिली नव्हती. मग कोठल्याला गेलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ बसले होते, त्यांनी तिला अर्धा तास सगळं सांगितलं. सवारी कशी बांधतात, चादर कोण कोण आणतं, सरबत का देतात. चहा पाजला. निघताना तिने विचारलं, "आजोबा, यांना शुभेच्छा द्यायच्या का?" ते हसले, म्हणाले, "बेटा, आज देऊन टाक, आज मोहरम नाही."

तिने वहीत तेवढंच लिहिलं, पान-दीड पान, स्वतःच्या अक्षरात. चित्र एकच, बारवेचं, पेन्सिलीने काढलेलं, पायऱ्या जरा वाकड्या. शाळेने दहापैकी सात गुण दिले. शेरा होता, सजावट कमी.